जमुनाबाईची पाठ

(गोंदियातल्या एका सभागृहामागची कपडे बदलायची खोली. दुपारचे पावणेचार वाजले आहेत. चार वाजता कामठ्याच्या सहा बायका आणि कॉलेजच्या सहा पोरी एकत्र नाचणार आहेत. बाकी साऱ्या पडद्यामागे गेल्या. खोलीत दोघीच उरल्या आहेत.)

सुशिलाबाई : मंग काय, खुर्चीले चिकटून बसतेस का इथंच? साऱ्या जणी तिकडं जाऊन उभ्या राहिल्या.

जमुनाबाई : राहू दे उभ्या. तू जा. तुझ्याबिगर पान हलत नाही तिकडं. मधातली बाई आहेस तू.

सुशिलाबाई : हे पाय, आता टोमणे नको. काष्टा सुटला तुझा. ऊठ, खोसून देतो.

जमुनाबाई : माझा काष्टा मी खोसतो. पन्नास वर्षं चिखलात धानाच्या रोवण्यात खोसला, तेव्हा नव्हती आली तू खोसाले.

सुशिलाबाई : शेताच्या बांधीत तुझ्या बाजूलेच तर राहत होतो मी.

जमुनाबाई : बाजूले होती ना? मंग बाजूलेच राहाचं. मधात कायले आली?

सुशिलाबाई : मी आली का? रविता मॅडमनं उभं केलं. मॅडमचा नाच, मॅडमचं डोकं. सहा बायका वाकून रोवणा करतीन, मागं मागं सरकतीन, अन् एकेकीच्या पाठीवर एक पोरगी पाठ टाकून आंग सोडन. कोणाच्या पाठीवर कोण, ते मॅडमच सांगन ना.

जमुनाबाई : तालमीच्या पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा माझ्या पाठीवर डिंपल होती. माझी नात. दोन वर्षांची होती तेव्हापासून मी वाढवली, तिची माय नागपूरले नोकरीवर. मंग आठव्या दिवशी असं काय झालं का माझी नात उचलून तुझ्या पाठीवर ठेवली, अन् मले देली ती चिचगडची राखी? कोपऱ्यात. पडद्याच्या दोरीपाशी.

सुशिलाबाई : राखी गुणाची पोरगी आहे.

जमुनाबाई : असन. मी का नाही म्हटलं? पण लोक आले का म्हणतीन, जमुनाबाईची नात कोणती? अन् बोट दाखवतीन तुझ्याकडं.

सुशिलाबाई : सप्त्यात पहिल्या ओळीत बसून मान डोलवतेस तू. महाराज काय म्हणाले यंदा? मत्सराले पाट मांडून द्या लागत नाही. तो आपणहून येते, आपल्याच ताटात जेवते, अन् उपाशी राहतो आपण.

जमुनाबाई : महाराजाचं मले नको सांगू. शेजारच्या गावात दुसऱ्या महाराजाले माणसं जास्त जमली तर दोन दिवस त्याहिचा घसा बसते. ...पांडुरंगा, माफ कर रे बाप्पा. तोंडून गेलं.

सुशिलाबाई : जाते तोंडून. पोटात असलं का जाते.

जमुनाबाई : तुझ्या पोटात नाही का काही? खरं सांग. आपल्या भजनात तीस वर्षं मी पुढं, चिपळ्या माझ्या हातात. तू मागं, टाळ घेऊन. म्या ओळ सोडली का तू उचलाची. कधी वाटलं नाही तुले का आपण पुढं यावं?

सुशिलाबाई : वाटलं.

जमुनाबाई : पाय! आली ना बाहेर!

सुशिलाबाई : वाटलं तर काय झालं? पण म्या चिपळ्या मागितल्या का कधी?

जमुनाबाई : मागितल्या असत्या तर देल्या असत्या.

सुशिलाबाई : नसत्या देल्या.

जमुनाबाई : ...नसत्या देल्या. पण त्याचा बदला असा काढाचा का?

सुशिलाबाई : कोणता बदला?

जमुनाबाई : मॅडमच्या कानात सांगाचं का जमुनाबाईची पाठ दुखते.

सुशिलाबाई : म्या?

जमुनाबाई : नाही तर कोणी? मॅडम मले म्हणते कशी, "जमुनाताई, तुमची पाठ दुखते असं कळलं. डिंपल उंच आहे, वजनदार आहे. राखी हलकी आहे, तुम्हाला बरी." माझी पाठ! पोटात लेकरू असताना नवव्या महिन्यापर्यंत धानाचे भारे वाहले या पाठीनं. अन् काल शेजारची धुरपता घरी आली मलमाची डबी घेऊन. "लाव, आराम पडन." साऱ्या कामठ्यात झालं का जमुनाबाईची पाठ गेली.

सुशिलाबाई : मलम लावलं का मंग?

जमुनाबाई : गोठ्यात फेकलं! हसतेस? हास. तूच गेली मॅडमकडं, तूच सांगितलं. काऊन का तुले पाहिजे होती माझी पोरगी. तुले स्वतःची नात नाही ना, म्हणून दुसऱ्याची...

सुशिलाबाई : बोल. थांबली काऊन? पुरं बोल.

जमुनाबाई : ...नाही बोलत.

सुशिलाबाई : नाही मले नात. दोन नातू आहेत, ते मोबाइलातून मान काढत नाहीत. अन् ऐक, तुले खरं सांगतो. आमचे हे गेले तेव्हापासून चार वर्षं झाली, कोणी माझ्या आंगाले आंग लावलं नाही. लोक पाया पडतात, ते वरच्यावर, बोटानं. ही पोरगी पहिल्यांदा पाठ टाकून पडली ना माझ्यावर, तेव्हा मले रडू आलं. वाकलेली होती म्हणून कोणाले दिसलं नाही. पण म्या तिले मागितली नाही, जमुनाबाई. विठ्ठलाची आण.

जमुनाबाई : मंग माझ्या पाठीची बोंब कोणी मारली?

सुशिलाबाई : ते नको विचारू.

जमुनाबाई : म्हणजे तुले माहीत आहे.

सुशिलाबाई : चल. चार वाजाले आले.

जमुनाबाई : नाव सांग, नाही तर मी इथून हालत नाही. पाचच पोरी नाचवा म्हणा.

सुशिलाबाई : तिनंच सांगितलं. डिंपलनं.

जमुनाबाई : खोटी.

सुशिलाबाई : हे पाय, आलीच ती. विचार आता तिलेच.

डिंपल : अरे यार आजी, काय करून राहिल्या तुम्ही दोघी? मॅडम तिकडे चिल्लावून राहिली. हॉल फुल आहे. पाण्याची बाटली दे कोणी. आणि हे काय, तुझी टिकली कुठे?

जमुनाबाई : टिकली राहू दे. इकडं ये. माझी पाठ दुखते का?

डिंपल : आँ?

जमुनाबाई : सोपं विचारलं. माझी पाठ दुखते का?

डिंपल : ...सुशिलाआजी! तू प्रॉमिस केलं होतं.

सुशिलाबाई : केलं होतं माय. पण हिनं मलेच चोर ठरवलं.

जमुनाबाई : म्हणजे खरं आहे. तू गेली मॅडमकडं. माझ्या घरची भाकर खाऊन.

डिंपल : आजी, शो झाला की बोलू ना. प्लीज. टेन्शन मत ले.

जमुनाबाई : आत्ता. काय कमी पडलं माझ्या पाठीत? का लाज वाटते? सुशिला गोरी आहे, तिचं लुगडं चांगलं दिसते, कॉलेजचे लोक पाहतीन, म्हणून?

डिंपल : लाज? तुला नाचात मीच आणलं. तू म्हणत होतीस, मी देवापुढं नाचतो, फुगडी घालतो, तिकिटाच्या लोकांपुढं नाही. आठ दिवस मागे लागले होते मी तुझ्या.

जमुनाबाई : मंग?

डिंपल : मग मी पडले. आठवते? प्रॅक्टिसमध्ये. कोपर किती सुजलं होतं.

जमुनाबाई : फरशी ओली होती.

डिंपल : कोरडी होती, आजी.

जमुनाबाई : ओली होती. म्या साऱ्यांले सांगितलं ना, मॅडमनं फरशी पुसून घेतली नाही.

डिंपल : तू सांगितलं, आणि मॅडमनं ऐकूनही घेतलं. पण फरशी कोरडी होती. तू उठली मधातच. मी पूर्ण अंग सोडलं होतं तुझ्यावर, आणि तू सरळ झाली आणि मागे वळून पाहिलं.

जमुनाबाई : तुझा पाय लचकला का, ते पाहाले!

डिंपल : नव्हता लचकला. तू उठली म्हणून मी पडले. आणि तेच एकदा नाही. रोज. मी पाठ टेकवली की तुझी मान फिरते. मी हात पसरले की तू विचारते, "बरी आहेस ना वो?" तिकडे तबला सुरू, आणि तू खालून विचारते, "बरी आहेस ना?"

सुशिलाबाई : ते तर साऱ्यांले ऐकू जाये.

जमुनाबाई : तू गप राय. ...विचारलं तर काय गुन्हा केला? आपलं लेकरू पाठीवर आहे, माणूस विचारणार नाही?

डिंपल : रोवण्यात मागे पाहते का तू?

जमुनाबाई : रोवण्यात कशाले पाहाचं? मागं मागं सरकाचं, हात चालू ठेवाचा. जी बाई घडीघडी उठून मागं पाहते तिची ओळ वाकडी जाते, अन् बाजूवालीचीही बिघडते.

डिंपल : मॅडम तेच तर म्हणते. तुम्ही जे बांधीत करता तेच करा, दुसरं काही करू नका.

जमुनाबाई : धानाच्या पऱ्ह्याले हाडं नसतात, डिंपल. पऱ्हा मोडला तर दुसरा लावता येते.

डिंपल : तेच तर सांगतेय. तू मला पडू देत नाही. सायकल शिकवली तेव्हा काय केलं? दोन महिने मागून कॅरिअर धरून पळत होती. सोडलंच नाही. साऱ्या कॉलेजात मी एकटी आहे जिला सायकल येत नाही. मैत्रिणींच्या मागे बसून जाते मी, माहीत आहे?

जमुनाबाई : तळ्याची पार होती ती! एका बाजूले पाणी होतं!

सुशिलाबाई : मार्च महिना होता, जमुनाबाई. घोट्याएवढं पाणी होतं तळ्यात. म्हशी बसून होत्या.

जमुनाबाई : म्हशी तर होत्या ना? ...बरं. बरं. पण मले सांगाचं होतं. पाठ दुखते म्हणून खोटं कायले बोलली?

डिंपल : खरं सांगितलं असतं तर तू आलीच नसती. म्हणाली असती, मीच वाईट, मीच नको. आणि तू नसती आली तर मी पण नसते नाचले. म्हणून सुचलं ते बोलले. चुकलं माझं.

जमुनाबाई : चुकलंच. आता सुधर. आज माझ्या पाठीवर ये.

डिंपल : काय? आज?

जमुनाबाई : राखीले सुशिलाकडं पाठव. मी नाही पाहणार मागं. शपथ.

डिंपल : आजी, दहा मिनटं बाकी आहेत. लोक बसले आहेत.

जमुनाबाई : मंग इथंच पाय. हे पाय, वाकली मी. टाक पाठ.

सुशिलाबाई : जमुनाबाई, कायले हा अट्टहास...

जमुनाबाई : तू बाजूले हो, तिले जागा दे. टाक वो. भेतेस काऊन?

डिंपल : ...ठीक आहे. एकदाच. हात चालू ठेव, रोवण्यासारखे. मी येते. एक, दोन... टेकली पाठ. आता दोन्ही पाय उचलते. सरक मागे. हळू. हां... बस... आता पूर्ण सोडते...

जमुनाबाई : ...

डिंपल : आजी!

जमुनाबाई : नाही पाहिलं! म्या नाही पाहिलं!

डिंपल : मान फिरली तुझी.

जमुनाबाई : थोडीशी.

डिंपल : आणि हात वर आला. हा बघ, अजून माझा पदर धरून आहे.

जमुनाबाई : ...केव्हा धरला? मले समजलंच नाही.

सुशिलाबाई : बस खाली. पाणी पी. बस जराशी.

जमुनाबाई : नाही जमत, सुशिला. ही पाठीवर आली का माझी मान माझी राहत नाही.

सुशिलाबाई : जमत नाही तर नाही जमत. तुझी नात आहे ती. मले जमते, काऊन का माझी नाही.

जमुनाबाई : अन् त्या राखीचं कसं जमते मले? तिले तर म्या कधी विचारलं नाही का बरी आहेस का. बिचारी. येते, पडते, उठते, जाते. माझं लक्ष सारं मधात, तुमच्याकडं.

डिंपल : म्हणूनच जमते. मॅडम म्हणते, सहा जोड्यांत सगळ्यात चांगली जोडी कोपऱ्यातली. राखी आणि जमुनाताई.

जमुनाबाई : असं म्हणे का?

डिंपल : हो. आणि मला ते ऐकून बरं नाही वाटलं.

जमुनाबाई : कायले?

डिंपल : कायले म्हणजे? परवा राखी होस्टेलात साऱ्यांना सांगत होती. म्हणे, जमुनाआजीची पाठ म्हणजे उन्हात तापलेला ओटा. टेकलं की झोप येते. मी सहा वर्षांपासून डान्स शिकून राहिली आणि मला माझ्या आजीच्या पाठीवर झोप नाही येत. तिला येते! डोळे मिटून पडून राहते ती तुझ्यावर. मी सुशिलाआजीवरून उलटी लटकलेली असते ना, तेव्हा मला तुम्ही दोघी दिसता. रोज दिसता. असं वाटते जाऊन तिची वेणी ओढावी.

जमुनाबाई : खरंच?

डिंपल : खरंच.

जमुनाबाई : वेणीच ओढावी वाटली, का थापडही?

डिंपल : थापडही.

सुशिलाबाई : घ्या. साऱ्या खानदानात एकच रोग. आजीले माझा, नातीले राखीचा. मी कोणाचा करू सांगा?

डिंपल : हसू नको सुशिलाआजी. मला खूप वाईट वाटते तिचा राग केला की. तिचं तर कोणीच नाही इथं. महिन्यातून एकदा चिचगडला जाते. आज तिचा बाप आला आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं. उदेलालकाका. पांढरं धोतर, नवा दुपट्टा. पहिल्या ओळीत बसवलं मॅडमनं, तर म्हणे मागं बसतो, इथं पाय पसरता येत नाही.

जमुनाबाई : जेवला का तो?

डिंपल : मला काय माहीत? आणि मॅडम म्हणाली, जमुनाताई नसतील येत तर राखीला बसवा, एकटी ती काय करणार. राखी पडद्यापाशी उभी आहे. तिनं विचारलं फक्त, "आजीचं खूपच दुखून राहिलं का?"

जमुनाबाई : ...तिले कोणी सांगितलं माझं दुखते म्हणून?

डिंपल : साऱ्यांना तेच माहीत आहे ना. ती रोज पाठ टेकवायच्या आधी हात फिरवून पाहते तुझ्या पाठीवर. तुला लक्षातही नसेल आलं.

जमुनाबाई : आलं. मले वाटे, धूळ झटकते.

सुशिलाबाई : अरे देवा.

जमुनाबाई : बाप तिचा एवढ्या दुरून आला अन् पोरगी पडद्यामागं उभी. अन् मी इथं बसून राहिली तुझ्यासंग भांडत. कीर्तन ऐकून ऐकून कान झिजले माझे, आत काही गेलं नाही. चल. जा डिंपल, तिले सांग, आजी येऊन राहिली. अन् सांग, माझं काहीच दुखत नाही. नीट पड म्हणा. अर्धीमुर्धी नको.

डिंपल : आजी, पण एक. मागं तर तू नाहीच पाहणार. मधात पण पाहायचं नाही. माझ्याकडे.

जमुनाबाई : नाही पाहत.

डिंपल : पाहशील तू.

जमुनाबाई : हा घे चष्मा. ठेव तुझ्या पिशवीत. आता दोन हातांपलीकडं तू का म्हैस, मले समजणार नाही.

डिंपल : आजी...

जमुनाबाई : जा वो. गळ्यात नको पडू, पावडर लागते. पळ.

सुशिलाबाई : गेली. चल, हात दे. पायऱ्या आहेत इथं दोन, तुले दिसाच्या नाहीत.

जमुनाबाई : दिसतात. ...ते मघाशी बोलली ना मी. नातीचं.

सुशिलाबाई : जाऊ दे.

जमुनाबाई : नाही, बोलाचं नव्हतं. जीभ माझी.

सुशिलाबाई : जाऊ दे म्हटलं ना. पायरी पाय. हां. थांब इथंच, पडदा उघडाचा आहे. वाकून घे आत्ताच.

जमुनाबाई : सुशिला.

सुशिलाबाई : हळू बोल. काय?

जमुनाबाई : जड लागते का वो तुले?

सुशिलाबाई : कोण?

जमुनाबाई : कोण म्हणजे. माझी पोरगी.

सुशिलाबाई : लागते. पुरं आंग सोडते ना ती.

जमुनाबाई : माझ्या पाठीवर कधी जड नाही लागली.

सुशिलाबाई : मले लागते.

जमुनाबाई : लागू दे. हालू नको मातर.